कादिझ: रंगीत रेघ धरून चालावं की गाईड घ्यावा?

अनवाणी

मागच्या आठवड्यात एका धाग्यावर कुणीतरी ठणकावून सांगितलं होतं की युरोपातल्या जुन्या शहरात गाईडशिवाय फिरणं म्हणजे नुसत्या भिंती बघून परत येणं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. माझं मत नेमकं उलटं आहे, आणि त्यासाठी मी एकच शहर घेतो: स्पेनमधलं कादिझ.

अटलांटिकमध्ये घुसलेल्या चिंचोळ्या जमिनीच्या टोकावर हे बंदर आहे. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला पुएर्ता दे तिएर्रा ही वेस. जुनं शहर इतकं आटोपशीर की या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर रमतगमत गेलात तरी अर्ध्या-पाऊण तासाचं काम. सेव्हियाहून (इंग्रजीत सेव्हिल) येणारी आगगाडी जुन्या शहराच्या दाराशी उतरवते. वर नगरपालिकेने फरसबंदीवर चार रंगांच्या रेघा मारून ठेवल्या आहेत. हिरवी पोपुलो या मध्ययुगीन वस्तीतून जाते, नारिंगी किल्ले आणि बुरुजांवरून, जांभळी १८१२ च्या राज्यघटनेशी संबंधित जागांवरून आणि निळी अमेरिकेशी व्यापार करणाऱ्या सावकारांच्या वाड्यांवरून. रेघ धरायची आणि चालायचं. चुकलात तर समुद्र आडवा येतो, मग वळायचं.

गाईडबरोबर गेलात की दोन तासांत कॅथेड्रल, बाजार, ला कालेताची चौपाटी, फोटो, टाटा. मधलं सगळं सुटतं. जुन्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर लोखंडी तोफा उभ्या गाडलेल्या आहेत, गाड्यांची चाकं घरांच्या भिंतींना घासू नयेत म्हणून. अशा तोफेपाशी थांबून तिच्यावर हात फिरवायला तुम्हाला कोण वेळ देणार आहे? तटाच्या आणि जुन्या घरांच्या दगडात तर चक्क शिंपले दिसतात. समुद्रातून काढलेला हा स्थानिक दगड इतका सच्छिद्र आहे की जवळ जाऊन बघितलं तर अख्खी कालवं अडकलेली दिसतात. हे बघायला गाईड कशाला? डोळे पुरतात.

खलाशीबुवा

असहमत. डोळे पुरतात हे ठीक, पण डोळे कुठे लावायचे ते कोण सांगणार?

तुमची निळी रेघच घ्या. १७१७ मध्ये अमेरिकेच्या व्यापाराची सरकारी कचेरी सेव्हियातून कादिझला हलली आणि गावात पैसा वाहू लागला. सावकारांनी वाड्यांच्या गच्च्यांवर टेहळणीचे मनोरे बांधले, आपलं जहाज क्षितिजावर दिसलं की धावपळ सुरू करायला. असे सव्वाशेच्या आसपास मनोरे आजही उभे आहेत. आता गंमत अशी की गल्ल्या अरुंद आणि घरं उंच, त्यामुळे रस्त्यावरून त्यातले फारच थोडे दिसतात. रेघ तुम्हाला वाड्याच्या दाराशी नेते आणि बघण्यासारखी गोष्ट डोक्यावर चार मजले वर असते. दिवसभर रेघेकडे मान खाली घालून चाललात तर कादिझचं कादिझपण बघितलंच नाही म्हणा.

बघायचं असेल तर तोर्रे ताविरावर चढावं लागतं. १७७८ मध्ये हा बंदराचा अधिकृत टेहळणी मनोरा ठरला. वर कॅमेरा ऑब्स्क्युरा आहे: अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या गोल पडद्यावर शहर जिवंत उमटतं, गच्चीवर वाळत घातलेले कपडेसुद्धा हलताना दिसतात. आणि तिथे दिवा मालवून, भिंग फिरवत, कुठला मनोरा कुठला ते सांगायला कोण असतं? गाईडच! स्वतःच्या स्वतः फिरणारे बहाद्दर तिथे निमूट रांगेत उभे राहतात.

मंजिरी_क

अनवाणी यांना +१. छत्री उंच धरलेला माणूस पुढे आणि मेंढरांसारखे आपण मागे, हा प्रकार मला झेपत नाही. गटात एक जण कायम उशिरा येतो, एकाला कायम बाथरूम लागतं आणि एक जण गाईडलाच इतिहास शिकवतो (तो बहुधा आपलाच असतो). तेवढ्या वेळात मी बाजारात मासळीवाल्यांची आरडाओरड ऐकत दोनदा फिरून आले असते.

आणि ते "मोफत" वॉक! शेवटी बक्षिशी द्यायचीच असते, मग गाईडही ऐकायला गोड लागेल तेच सांगतो.

तळटीप

गोड लागेल तेच सांगतात, हे गाईडला लागू आहे तसं रेघेलाही आहे. ती शहराने स्वतःच आखलेली आहे.

जांभळी रेघ ओरातोरियो दे सान फेलिपे नेरीपाशी नेते. नेपोलियनच्या फौजेचा वेढा पडलेला असताना याच लंबगोल चर्चमध्ये संसद भरली आणि १९ मार्च १८१२ ला राज्यघटना जाहीर झाली. बाहेरच्या भिंतीवर स्मृतिफलकांची दाटी आहे. कुणालाही वाटेल, वा, स्वातंत्र्याची पंढरी. पण त्या घटनेने गुलामगिरी रद्द केली नाही. कलम २२ वाचा. आफ्रिकी वंशाच्या लोकांना, स्वतंत्र असले तरी, नागरिकत्व आपोआप नव्हतं, खास कामगिरी दाखवून मागून घ्यावं लागे. याच शहरात १७६५ मध्ये कोंपान्यिया गादिताना दे नेग्रोस नावाची कंपनी निघाली होती. धंदा एकच: गुलामांची ने-आण. निळ्या रेघेवरच्या वाड्यांकडे बघताना हे ठाऊक हवं की नको?

तेव्हा माझा प्रश्न दोघांनाही. पायाखालची रेघ किंवा छत्रीवाला, यातलं कोण हे आपण होऊन सांगणार?

अनवाणी

@तळटीप, तुम्ही माझ्याच पारड्यात वजन टाकलंत. कलम २२ तुम्हाला गाईडने सांगितलं का? नाही, वाचलंत. मीही तेच म्हणतोय. आधी वाचा, मग एकट्याने चाला. रेघ कुठे वळायचं तेवढं सांगते, काय विचार करायचा ते सांगत नाही. तेवढंच तिचं काम आणि तेवढंच मला हवंय.

@खलाशीबुवा, ताविराचा मुद्दा चांगला आहे, पण तिथे अर्ध्या तासाचं तिकीट काढून ऐकणं वेगळं आणि अख्खा दिवस कुणाच्या तरी मागे फरफटणं वेगळं. राहता राहिलं गाईडचं ज्ञान. पोपुलोच्या पायाखाली इ.स.पू. पहिल्या शतकातलं भलंमोठं रोमन नाट्यगृह आहे. १९८० मध्ये ते सापडेपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या गाईड त्यावरून पर्यटकांना चालवत होते!

खलाशीबुवा

हा हा, आणि तुमची रेघ असती तर ती काय खाली उतरली असती?

१९८० चा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगतो. प्लासा दे मिनामधल्या संग्रहालयात फिनिशियन, म्हणजे प्राचीन दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या, काळातल्या दोन संगमरवरी शवपेट्या आहेत, माणसाच्या आकाराच्या. पुरुषाची १८८७ मध्ये सापडली. तिची जोडीदार कुठेतरी असणारच, या ध्यासाने संग्रहालयाचे संचालक पेलायो किंतेरो यांनी वर्षानुवर्षं गाव खणलं. ती हाती न लागताच ते गेले. स्त्रीची पेटी निघाली १९८० मध्ये, आणि कुठे? जिथे त्यांचं स्वतःचं घर होतं त्याच जागेत! पाटीवर साल येईल, दगडाचं नाव येईल. ही गोष्ट मात्र कुणीतरी रंगवून सांगावी लागते. त्यानंतर त्या दोन दगडी चेहऱ्यांकडे तुम्ही नुसती नजर टाकून पुढे जाऊच शकत नाही.

मांडवीकाठ

गोव्यातून थोडी भर घालते. जांभळी रेघ आमच्याही इतिहासातून जाते, हे फारसं कुणी सांगत नाही. कादिझच्या घटनेचा मोठा प्रभाव पोर्तुगालच्या १८२२ च्या घटनेवर होता. ही घटना आणणाऱ्या पोर्तुगालमधल्या उलथापालथीत गोव्यात निवडणूक झाली आणि बर्नार्डो पेरेस द सिल्वा हे गोंयकार लिस्बनच्या संसदेवर निवडून गेले. त्या काळी उरलेल्या हिंदुस्थानात निवडून दिलेला प्रतिनिधी ही कल्पनासुद्धा नव्हती. मतदान कुणाला होतं, कुणाला नव्हतं, हा तळटीप यांचा प्रश्न इथेही लागू आहेच.

मला सांगा, कादिझमधला कुठला गाईड पणजीहून आलेल्या बाईला हे सांगेल? माझं मत एकट्याने फिरण्याला, पण घरून तयारी करून.

गुडघे_वाजतात

तात्त्विक चर्चा छान चालली आहे. आमच्यासारख्यांचं काय? सत्तरीचे आहोत, हिला मधुमेह आहे. दिवसभर उन्हात रेघा शोधायच्या का?

अनवाणी

काका, कादिझ तुमच्यासाठीच आहे. जुनं गाव जवळजवळ सपाट, पावलोपावली बाकं असलेले चौक. चारही रेघांच्या नादी लागू नका. सकाळी हिरवी घ्या, ती छोटी आहे. दुपारी दुकानं बंद होतात तेव्हा तुम्हीही आडवे व्हा. संध्याकाळी नारिंगीचा सांता कातालिना किल्ल्यापासून पुढचा तुकडा, तिथे ला कालेताला सूर्य समुद्रात बुडतो. सोमवारी जाऊ नका, संग्रहालय बंद असतं. आणि लेवान्ते नावाचा पूर्वेचा वारा सुटला असेल तर तटावर टोपी हातात धरा.

काकूंसाठी: कोळंबीची पातळ कुरकुरीत धिरडी मिळतात, पिठात बेसन असतं. तळलेली आहेत, बेताने.

खलाशीबुवा

काका, याचं ऐका, पण कॅथेड्रलपुरता तरी माणूस घ्या. १७२२ ला सुरू झालेलं ते काम १८३८ मध्ये संपलं. मधल्या काळात अमेरिकेचा व्यापार आटला, पैसा आटला आणि बांधकामाला स्वस्तातला दगड आला. खालचा दगड आणि वरचा दगड वेगळा आहे, रंगात फरक दिसतो. आत छताखाली जाळ्या बांधल्यात, खाऱ्या हवेने दगडाचे कपचे पडतात म्हणून. हे सगळं मी इथे लिहिलं म्हणून तुम्हाला कळलं.

मंजिरी_क

म्हणजे खलाशीबुवा, आता गाईडची गरज उरली नाही ना? 😄

खलाशीबुवा

बक्षिशी कुठे पाठवताय ते कळवा.