मदत हवी आहे: बहिणीचं घर दरवर्षी थोडं थोडं समुद्रात चाललंय, पंचनामा कुठल्या तारखेचा मागायचा?

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. इथून समुद्र कुठल्या कुठं, पण ताई मालवण तालुक्यात देवबागला दिलीय म्हणून विचारायलोय. ज्यांनी गाव बघितलंय त्यांना माहितीय, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. ताईच्या लग्नात घरापुढं माडांच्या रांगा होत्या, आता पाणी आणि घर यांच्या मधे अंगण तेवढं उरलंय, विहीर पण उन्हाळ्यात मचूळ लागते. मागं सरकून बांधा म्हणणारे खूप भेटतात, पण मागं नदी आहे हो!

अडचण अशी की दाजी अर्ज घेऊन गेले तर विचारलं, नुकसान कुठल्या तारखेला झालं ते लिहा. आता काय लिहायचं? दर पावसाळ्यात हात-दोन हात जमीन जाते, कधी एक माड जातो, कधी कुंपण. आपल्याकडं 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, माढा-मोहोळकडची गावं पाण्यात गेली, माझ्या मावशीच्या घरात पण पाणी शिरलं, लई हाल झाले, पण पाणी कुठल्या दिवशी आलं ते सगळ्यांनी बघितलं होतं म्हणून पाणी ओसरल्यावर पंचनामा तरी झाला. ताईच्या जमिनीला तसा दिवसच नाही.

कारखान्यात एकजण म्हणाला, समुद्र शंभर वर्षांत वीतभर वाढला, त्यानं काय घर जातंय होय. म्हणून जरा वाचलं. 1901 ते 2018 मधे जगात सरासरी 20 सेंटीमीटर वाढलाय, म्हणजे वीतभर हे खरंच आहे, पण 2006 नंतर वेग वर्षाला 3.7 मिलिमीटरवर गेलाय, पाणी तापून फुगतंय आणि वर बर्फ वितळतंय. तुवालू म्हणून बेटांचा देश आहे, 11 हजाराच्या आसपास लोक, त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियानं 2023 ला करार केला आणि वर्षाला 280 जणांना तिकडं राहायला येता येतंय. देश बुडायला लागला तर करार होतो, मग एका वाडीतल्या चार घरांनी कुणाच्या दारात जायचं?

आई म्हणते सगळ्यांना सोलापूरला घेऊन ये. कारखान्यात दाजींना चिकटवता येईल, पण ज्या माणसानं जन्मभर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढली तो लूमच्या खडखडाटात, मे महिन्यातल्या आमच्या 43-44 डिग्रीत कसा राहील? ताईच्या सासूबाई तर एकच म्हणतात, "माका आता खंय व्हरतलात?" (मला आता कुठं नेणार?) पोरगी दहावीला आहे. मला झोप लागंना झालीय. सरकारी नियमात यांच्यासाठी काही आहे का, आणि आत्ता लगेच काय करून ठेवावं, एवढं कुणीतरी नीट सांगा.

प्रतिसाद १
दादा, मी महसूल खात्यातून रिटायर झालोय, रत्नागिरीकडचा. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत पूर, चक्रीवादळ, त्सुनामी, दरड असं सगळं आहे पण किनाऱ्याची धूप नाही, अर्ज अडतो तो तिथे. पण आपल्या राज्याने स्वतःच्या यादीत "समुद्राचे उधाण", म्हणजे मोठ्या भरतीचं पाणी आत घुसणं, घातलेलं आहे. त्यामुळे अर्जात "धूप" लिहू नका, ज्या दिवशी उधाणाचं पाणी अंगणात आलं, माड पडला, भिंत तडकली त्या दिवसाची तारीख लिहा, त्याच दिवशीचे फोटो काढा आणि लगेच तलाठी-सरपंचांना लेखी कळवा. गेलेली जमीन याने परत मिळणार नाही, घराच्या नुकसानीचं बघता येईल.
दुसरं, आहे तेवढ्या जमिनीची भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी करून घ्या. उद्या पुनर्वसनाचा विषय निघाला तर किती होती हे कागदावर पाहिजे. 15 व्या वित्त आयोगाने धुपीमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी 1,000 कोटींची शिफारस केली होती, पण तो पैसा एकट्या घराच्या अर्जावर येत नसतो, ग्रामसभेचा ठराव लागेल, सगळ्या वाडीचा मिळून.
आणि तुमच्या कारखान्यातल्या माणसाला सांगा, उधाण आता त्या वीतभर उंचीवरून सुरू होतं. अर्थात नदीतला वाळूउपसा आणि शेजारच्या बंधाऱ्यांमुळे पण धूप वाढते, सगळं एकाच कारणावर टाकू नका, ठरावात दोन्ही लिहा.

प्रतिसाद २
घाईत सोलापूरला नेऊ नका असं माझं मत. ओडिशात केंद्रपाडा जिल्ह्यात सातभाया गाव समुद्राने गिळलं, सरकारने 500 च्या वर कुटुंबांना बागापातिया इथे वसवलं. घराला जागा मिळाली पण जवळ काम नाही म्हणून तरणी पोरं केरळात मजुरीला गेली. दाजींच्या हाताला काम काय, हे आधी ठरू दे. पोरीची दहावी तिथंच होऊ द्या.

धागाकर्ता
काका, खूप आभार, उधाणाचं कुणीच सांगितलं नव्हतं. ताईला आत्ताच फोन केला, मागच्या पावसाळ्यात न्हाणीघराची भिंत पडली त्याचे फोटो भाचीच्या मोबाईलमधे तारखेसकट आहेत म्हणे, ते आता चालतील का उशीर झाला? आणि सातबारावर अजून ताईच्या सासऱ्यांचंच नाव आहे, ते वारलेत. मोजणीच्या आधी वारस नोंद करावी लागेल ना? पुढच्या आठवड्यात रजा टाकून जायलोय, काय काय कागद सोबत न्यायचे तेवढं सांगा.