अनुभव धागा: गाडीचं इंजिन ऑईल कोण बदलतं? तुम्ही, गल्लीतला मेकॅनिक की शोरूम?

परवा सर्व्हिसिंगच्या बिलात इंजिन ऑईल साडेतीन लिटर लावलेलं दिसलं. गाडीच्या पुस्तकात फिल्टरसकट 3.1 आहे. विचारलं तर म्हणे, "सर, ड्रममधून भरतो, थोडं इकडेतिकडे होतं." ऑईल मोजायची दांडी काढून पाहिली, पातळी अगदी खुणेवर. मग वरचं ऑईल गेलं कुठे? असो. तुमचे अनुभव येऊ द्या. कोणती कंपनी भारी यावरच्या मारामाऱ्या इथे नकोत, हाताला लागलेलं तेवढं लिहा.

पानापक्कड: मी घरीच बदलतो. आधी एक चक्कर मारून ऑईल कोमट करायचं, म्हणजे गाळासकट निघतं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, स्टँड लावायचेच. चेंबरच्या (इंजिनाखालची ऑईलची टाकी) नटाचा वॉशर दर वेळी नवा, दहा-वीस रुपयांसाठी टिपटिप कोण सोसणार! नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑईल चोळायचं आणि फिल्टर हातानेच आवळायचा. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर नटावर मर्दुमकी दाखवू नका. आटे गेले की बसा.

वाशिष्ठीकाठ: माझा अनुभव जरा वेगळा. जुलै 2021 च्या पुरात आमची गाडी चिपळुणात बॉनेटपर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर पहिला मोह होतो चावी फिरवून बघण्याचा. आमच्या मेकॅनिकदादांनी फोनवरच दम दिला, "वहिनी, चावीला हात लावायचा नाय. बॅटरीची वायर काढा आधी." ते आले तेव्हा मी शेजारीच उभी होते. चेंबरचा नट सैल केला तर आधी नुसतं पाणीच आलं, कारण ते जड, तळाशी बसलेलं. मागून ऑईल उतरलं, चहात साय ढवळावी तसं भुरकट. स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवलं, सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढलं. मग स्वस्तातलं ऑईल आणि नवा फिल्टर घालून थोडा वेळ चालवायचं, काढून टाकायचं, पुन्हा भरायचं. दांडीवरचा पांढुरकेपणा पूर्ण गेल्यावरच चांगलं ऑईल भरलं. गिअरबॉक्सचंही बदललं, ते लोक विसरतात. आमच्याच बिल्डिंगमध्ये एकाने स्टार्टर मारला, पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. वर पॉलिसीत इंजिनाचं वेगळं कव्हर नव्हतं, विमावाल्यांनी हात वर केले.

डिझेलभक्त: बीएस-6 डिझेलवाल्यांनो, ऑईल कमी होतंय का एवढंच बघू नका, *वाढतंय* का तेही बघा. माझं ऑफिस घरापासून चार किलोमीटर. एवढ्याशा अंतरात डीपीएफमधली, म्हणजे धुराच्या फिल्टरमधली, काजळी जाळायचं काम अर्धवट राहतं आणि त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल चेंबरमध्ये उतरतं. दांडीवर पातळी वरच्या खुणेच्या पुढे, आणि वास चक्क पंपावरचा. पातळ झालेलं ऑईल बेअरिंगं खातं. आता रविवारी हायवेला एक लांब फेरी ठरलेली, आणि ऑईल कमी राखेचंच, पुस्तकात दिलेल्या स्पेसिफिकेशनचं.

गप्प_बसा: रिकामा कॅन गॅरेजात सोडू नका, भोक पाडून या. त्यात पुन्हा काय भरून विकतील सांगता येत नाही.

शेतावरचा: जुनं काळं ऑईल कुठे टाकता मंडळी? आमच्याकडे सेंट्रिंगवाले प्लेटांना लावायला मागून नेतात. आजोबा गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठी फासायचे. पण विहिरीच्या आसपास ते सांडलेलं मला बघवत नाही.

मिनेसोटाकर: शेतावरचा, इथे गाड्यांच्या पार्टची बरीच दुकानं जुनं ऑईल फुकट ठेवून घेतात. अट एकच, त्यात कूलंट मिसळलेलं नको. हिवाळ्यात पारा वजा 25 ला गेला की ड्राइव्हवेवर आडवं पडून नट सोडण्याची हौस मात्र फिटते. मी ऑक्टोबरातच उरकून घेतो.

पानापक्कड: @शेतावरचा, भारतातही वापरलेलं ऑईल घातक कचऱ्यातच मोडतं. मी कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजला देतो, त्यांच्याकडून रिसायकलिंगवाला उचलतो. तुमच्या तालुक्याच्या गावात मोठं सर्व्हिस सेंटर असेल तर तिथे विचारून बघा.