नोकरी सांभाळून विज्ञानकथा लिहिणारे काम कसं करतात?

भटका_इलेक्ट्रॉन

नमस्कार मंडळी. चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, शिफ्टची नोकरी. गेल्या दिवाळीत एका अंकात माझी विज्ञानकथा आली आणि संपादकांनी यंदाही मागितली आहे. खूप आनंद झाला, पण आता काम कसं आखायचं ते कळत नाही.

कथा डोक्यात आहे. मंगळावरच्या वस्तीत राहणारी आजी आणि साताऱ्यातला नातू. दोघं रोज व्हिडिओ कॉलवर बोलतात, घर विकण्यावरून त्यांचं कडाक्याचं भांडण होतं. मी वाचतच राहतो आणि लिहायचं राहून जातं. किती अभ्यास पुरेसा? तुम्ही वर्षभर काय करता, कधी बसता? आणि यावर घर चालतं का?

मिरजेची_अनुराधा

घर चालतं का, ते आधी सांगते. माझ्या माहितीत मराठीत निव्वळ विज्ञानकथेवर घर चालवणारं कुणी नाही. मी पॉलिटेक्निकमध्ये पदार्थविज्ञान शिकवलं, पगार तिथून आला. काही अंक वेळेवर मानधन देतात, काही उशिरा, काही फक्त अंक पाठवतात. आपल्याकडचे मोठे लेखकही दुसरं काम करणारेच. बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रात होते, सुबोध जावडेकर केमिकल इंजिनिअर. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. मला त्यातलं बक्षीस नाही, ती काळजी मोलाची वाटते. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला आपली कथा केवळ कथा म्हणून वाचली जावी असं वाटत होतं.

आता तुमची कथा. तो व्हिडिओ कॉल होऊ शकत नाही. पृथ्वी आणि मंगळ जवळ असतात तेव्हाही संदेश एका बाजूला जायला तीन मिनिटं लागतात, दूर असतात तेव्हा बावीसच्या आसपास. म्हणजे नातवाने "आजी, घर विकतोय" म्हटलं की तिचं उत्तर यायला कधी पाऊण तास. आणि साधारण दर २६ महिन्यांनी सूर्य दोघांच्या मध्ये येतो, तेव्हा संदेशांचा भरवसा राहत नाही. मंगळावरच्या यानांना त्या काळात दोनेक आठवडे आज्ञा पाठवणंच थांबवतात.

यावर हळहळू नका, तुमची कथा इथेच आहे. एकमेकांना मध्येच तोडता येत नसेल तर माणसं भांडतात कशी? आजी तिचं सगळं म्हणणं एका दमात रेकॉर्ड करून पाठवणार. ते पोचायच्या आत नातवाने माफी मागितलेली असणार, आणि मग ते जळजळीत बोलणं त्याला ऐकावं लागणार. बयाणा द्यायची तारीख त्या दोन आठवड्यांत आली तर? हा प्रसंग मी सुचवला नाही, तो आकड्यांनी सुचवला.

मी अशीच काम करते. एक गोष्ट बदलायची, एकच, आणि लिहायच्या आधी तिचा हिशोब शेवटपर्यंत करायचा. वही घेते, डावीकडे आकडे, उजवीकडे त्या आकड्याने कुणाचं काय अडेल ते. उजवं पान भरलं की अभ्यास पुरला. भरत नसेल तर पुस्तकं वाढवून उपयोग नाही, कल्पनाच पातळ आहे असं समजते.

माझी एक कथा सांगते, म्हणजे पद्धत कळेल. मंगळावर एक बाई संकष्टी धरते. साधा प्रश्न: चंद्रोदय कुठला? मंगळाला दोन चंद्र. फोबोस साडेसात तासांच्या थोडा वर मंगळाभोवती फेरी मारतो, मंगळ स्वतःभोवती फिरतो त्याहून जलद. त्यामुळे तो पश्चिमेला उगवतो, पूर्वेला मावळतो, आणि अकरा तासांनी पुन्हा हजर. डीमॉस उलट संथ, विषुववृत्तावरून पाहिलं तर उगवल्यावर दोन दिवसांहून जास्त आकाशात. बाईने उपास सोडायचा कुणाला पाहून?

मग वस्ती कुठे वसवायची हा हिशोब आला. पाणी हवं. २००८ साली फीनिक्स यान उत्तरेला ६८ अंशांवर उतरलं होतं, तिथे मातीखाली काही सेंटीमीटरवरच बर्फ लागला. माझी वस्ती मी त्याच्याही उत्तरेला नेली, ७२ अंशांवर. आणि तिथे कळलं की फोबोस इतका खालून फिरतो की साधारण ७० अंशांच्या पलीकडे तो क्षितिजावर येतच नाही. तो कटला. डीमॉस दिसतो, पण क्षितिजालगत, एखाद्या ताऱ्यासारखा. शिवाय हिवाळ्यात कित्येक महिने सूर्य उगवत नाही. सौर पॅनेल बंद, म्हणजे अणुभट्टी हवी, म्हणजे तिथे पाळीवर काम करणारी माणसं हवीत. ती बाई अणुभट्टीवर पाळी करणारी झाली. आधी ती मी शिक्षिका ठरवली होती.

शेवटी ती सोलापूरच्या पंचांगातली वेळ धरते. पण मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा, म्हणून आपली रात्रीची वेळ तिच्या घड्याळात दर महिन्याला भलत्याच प्रहरी येते. कधी ऐन पाळीत, कधी पहाटे. सोबतची मंडळी आधी चिडतात, मग तिच्यासाठी पाळ्या बदलून घेऊ लागतात. कथा त्या पाळ्या बदलण्याची आहे. छापील कथेत फोबोसला मोजून दोन ओळी मिळाल्या, आणि तेवढ्याच असायला हव्यात.

वर्षाचं म्हणाल तर दिवाळी अंकांची विचारणा उन्हाळ्यात सुरू होते, जुलै-ऑगस्टपर्यंत मजकूर जायला हवा. म्हणून हिशोब थंडीत, पहिला खर्डा एप्रिल-मेच्या सुट्टीत, दुसरा शाळा-कॉलेजं सुरू व्हायच्या आत. नोकरीत असताना पहाटे लिहायची, संध्याकाळी पेपर तपासायचे असत. तुमच्या शिफ्टला पहाट जमणार नाही. पण आकड्यांचं काम तुकड्यातुकड्यांत होतं, कंपनीच्या बसमध्येही. सलग वेळ फक्त खर्ड्याला लागतो, तो रात्रपाळीनंतरच्या सुट्टीत राखून ठेवा.

जुना_वाचक

एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचून देण्याचं काम करतो. अनुराधाताईंच्या म्हणण्याला दुजोरा. विज्ञानकथा म्हणून येणाऱ्या पुष्कळ कथांत पहिली दोन पानं शास्त्रज्ञ सहायकाला शोध समजावून सांगतो. सहायकाला तो आधीच माहीत असतो! अशी कथा मी बाजूला ठेवतो. माहिती कुणाला तरी नडली पाहिजे, तेव्हाच ती सांगावी.

कौलारू

मी अद्भुतकथा लिहिते, विज्ञान नाही. मला हिशोब लागत नाही असं लोकांना वाटतं, पण लागतो. माझ्या एका कथेत गावातली विहीर खोटं बोलणाऱ्याला पाणी देत नाही. मग गावात लग्नं कशी ठरतात? वकील पाणी कुठून आणतो? आजारी माणसाला "बरं वाटेल हं" म्हणणारी सून तहानेने मरते का? हे सगळं ठरवूनच लिहायला घेतलं. माझी अडचण वेगळी आहे. अद्भुतकथा मोठ्यांसाठी म्हणून पाठवली की बऱ्याच अंकांकडून "बालविभागासाठी करून द्या" असं उत्तर येतं. मी करून देत नाही. त्यामुळे कथा कमी छापून येतात, पण ज्या येतात त्या मला हव्या तशा.

भटका_इलेक्ट्रॉन

ताई, काल रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत वही काढली. भांडण आता संदेशांतूनच होतंय. एक विचारायचं होतं: आजीचे आणि नातवाचे संदेश ज्या क्रमाने पाठवले त्या क्रमाने द्यावेत, की पोचले त्या क्रमाने?

मिरजेची_अनुराधा

पोचले त्या क्रमाने, आणि फक्त नातवाच्या बाजूने. वाचकाला त्याच्याइतकंच कळू दे. मात्र वहीत दोन्ही बाजूंच्या वेळा लिहून ठेवा: पाठवला कधी, पोचला कधी. कथेतली तारीख ठरवून त्या दिवशीचं पृथ्वी-मंगळ अंतर काढा आणि ते प्रकाशाच्या वेगाने भागा, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. पूर्ण कथेत ते अंतर बदलत जाईल, म्हणजे उत्तराला लागणारा वेळही बदलेल. आणि संपादकांना शब्दमर्यादा आजच विचारून घ्या. अशा कथेत संदेश वाढत जातात, मग ऑगस्टमध्ये कापाकापी करताना नेमके आजीचेच संदेश जातात.