घरगुती बिस्किटे: दोन्ही खेपा बिघडल्या, कमी सामानात नीट कशी जमतील?

प्रश्न

नमस्कार. साधी गोड बिस्किटे घरी करायला शिकावे अशी मनापासून इच्छा आहे, परंतु हात राखून खर्च करावा लागत असल्यामुळे सामान वाया गेले की फार वाईट वाटते. ओव्हन लहान आहे आणि त्यासोबत आलेला एक पातळ ॲल्युमिनियमचा ट्रे आहे; वजनकाटा, बीटर, साचे यांपैकी काहीही नाही. पहिल्या खेपेला लोणी वितळवून त्यात साखर आणि मैदा कालवला, गोळे करून ट्रेमध्ये ठेवले, आणि दहा मिनिटांनी पाहते तो सगळे गोळे एकमेकांत मिसळून ट्रेभर एकच पातळ चकती पसरली होती. दुसऱ्या खेपेला ती चूक टाळायची म्हणून मैदा वाढवला, पीठ कोरडे वाटले म्हणून दूध घातले आणि कणीक तिंबावी तसे दहा मिनिटे तिंबले. या वेळी आकार राहिला, पण बिस्किटे दातांनी तुटेनात. ओव्हनमध्ये बोट लावून पाहिले तर ती मऊच लागत होती, म्हणून ठरल्या वेळेपेक्षा दहा मिनिटे जास्त ठेवली होती. दोन्ही वेळा नेमके काय चुकले, आणि आहे त्याच सामानात सुरुवात कोणत्या प्रमाणाने करावी, हे कृपया कोणी समजावून सांगाल का?

उत्तर १

तुम्ही दोन्ही खेपांचे वर्णन इतके नेमके केले आहे की कारणे सांगणे सोपे झाले. पहिल्या खेपेत लोणी आधीच पातळ होते, त्यामुळे पिठाला धरून ठेवणारे घट्ट असे काहीच उरले नाही; त्यात साखर दाणेदार असेल तर तीही उष्णतेने विरघळते आणि पीठ आणखी सैल करते. ओव्हन आधी तापवून घेतला नसेल तर हे जास्तच होते, कारण मैद्याला आकार धरण्याइतकी उष्णता मिळण्यापूर्वीच लोणी वाहू लागते. दुसऱ्या खेपेतला दोष अगदी उलट्या बाजूचा आहे. मैद्यातली प्रथिने पाण्याशी किंवा दुधाशी संयोग पावली आणि वर तिंबली गेली की त्यांचे ग्लुटेन नावाचे चिवट जाळे तयार होते, जे पावाला हवे असते आणि बिस्किटाला नको असते. आपण पिठाला मोहन घालतो ते याचसाठी: स्निग्ध पदार्थाचा थर मैद्याच्या कणांवर बसला की पाणी त्यांच्यापर्यंत कमी पोचते आणि पदार्थ खुसखुशीत होतो. तुम्ही मैदा वाढवून मोहनाचे प्रमाण कमी केले, दूध घालून ग्लुटेनला पाणी दिले आणि तिंबून ते जाळे पक्के केले.

नवशिक्याने एकाच प्रमाणावर हात बसवावा असे माझे आग्रहाचे मत आहे, आणि ते म्हणजे वजनाने 1 भाग साखर, 2 भाग लोणी आणि 3 भाग मैदा. म्हणजे 50 ग्रॅम पिठीसाखर, 100 ग्रॅम लोणी आणि 150 ग्रॅम मैदा. यातून साधारण वीस लहान बिस्किटे होतात. अंडे, दूध, सोडा, बेकिंग पावडर यांपैकी काहीही लागत नाही, त्यामुळे बिघडण्याच्या जागाही कमी होतात. लोणी बिनमिठाचे असेल तर चिमूटभर मीठ घालावे, नाहीतर नुसती गोडी सपक लागते. पिठीसाखर विकत आणण्याची गरज नाही. घरातलीच साखर मिक्सरमध्ये बारीक करून चाळून घ्यावी.

काटा नसताना मापे कशी घ्यायची, हा खरा अडचणीचा भाग आहे. 240 मिलिलिटरचा कप मैद्याच्या डब्यात बुडवून दाबून भरला तर त्यात 150 ग्रॅमपर्यंत मैदा बसतो, आणि तोच मैदा आधी चमच्याने हलवून मोकळा केला, अलगद कपात सोडला आणि सुरीच्या पाठीने वरची शीग काढली तर 120 ते 125 ग्रॅम भरतो. नवशिक्यांची बिस्किटे कोरडी होण्यामागे बहुतेक वेळा हाच फरक असतो, असे मला वाटते. तेव्हा मोकळा भरलेला सव्वा कप मैदा, 15 मिलिलिटरच्या चमच्याने सपाट सहा चमचे पिठीसाखर आणि सात चमचे लोणी घ्यावे. लोण्याच्या वेष्टनावर वजन छापलेले असेल तर त्याचेच सुरीने भाग पाडणे अधिक अचूक ठरते. पुढे कधी पैसे बाजूला पडले तर साच्यांवर किंवा इसेन्सवर खर्च न करता आधी वजनकाटा घ्यावा.

लोणी बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, पण बोट आत बुडू नये, इतके मऊ हवे. ते पिठीसाखरेबरोबर लाकडी चमच्याने दोन-तीन मिनिटे फेसावे, मग चाळलेला मैदा घालून बोटांच्या टोकांनी चोळावा. सुरुवातीला मिश्रण ओल्या वाळूसारखे भुरभुरीत दिसते आणि याच क्षणी दूध घालण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने आवरावा. मूठभर मिश्रण घेऊन दाबून पाहावे, मूठ वळली आणि बोटांचे ठसे तसेच राहिले की पीठ तयार झाले. त्यानंतर एकही जादा हात न लावता गोळा एकत्र करावा, झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा आणि सहा-सात मिलिमीटर जाडीचा लाटून पेल्याच्या कडेने कापावा. ओव्हन 160 अंशांवर निदान पंधरा मिनिटे आधी तापवलेला असावा, आणि बिस्किटे अठरा ते वीस मिनिटे भाजावीत.

मऊ लागतात म्हणून ओव्हनमध्येच ठेवणे, ही तुमची शेवटची चूक अगदी स्वाभाविक आहे. गरम बिस्किटातले लोणी पातळ असते, त्यामुळे ते मऊच लागणार. बाहेर काढून ते निवले, लोणी पुन्हा घट्ट झाले आणि उरलेली वाफ निघून गेली की मगच ते खुसखुशीत होते. म्हणून बोट न लावता कडा पाहाव्यात. कडेला नखाच्या जाडीइतकी फिकट सोनेरी रेघ आली आणि मधला भाग अजून पांढुरका असला तरी ट्रे बाहेर काढावा, पाच मिनिटे तसाच राहू द्यावा आणि मग बिस्किटे जाळीवर ठेवावीत.

सामान वाया जाऊ नये यासाठी सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे, पहिल्यांदा एकच बिस्किट भाजून पाहणे. ते पसरले तर पिठात चमचाभर मैदा मिसळता येतो किंवा पीठ आणखी गार करता येते, ते फुटले तर चमचाभर लोणी घालता येते, आणि काहीही झाले तरी बाकीची एकोणीस शाबूत राहतात.

उत्तर २

वरील उत्तरातील कारणमीमांसा योग्य आहे, मात्र खर्चाचा विचार करता एक बाजू मांडावीशी वाटते. या सामानात सर्वांत महाग वस्तू लोणी आहे आणि 1-2-3 या प्रमाणात तेच भरपूर लागते. लोण्यात साधारण ऐंशी टक्के स्निग्धांश असतो आणि बाकी मुख्यतः पाणी असते, म्हणून 50 ग्रॅम लोण्याच्या जागी सुमारे 40 ग्रॅम, म्हणजे तीन चमचे, वास नसलेले तेल चालते. अर्धे लोणी आणि अर्धे तेल घेतले तर चवीत फारसा उणेपणा येत नाही. सगळेच तेल घेतले तर मात्र पीठ लाटता येत नाही, कारण तेल फ्रीजमध्येही लोण्यासारखे घट्ट होत नाही. अशा पिठाचे तळहातात दाबून लहान गोळे करावे लागतात आणि बिस्किट जास्त भुसभुशीत होते.

याशिवाय, 200 ग्रॅम मैद्याला 80 ग्रॅम लोणी, 80 ग्रॅम पिठीसाखर, अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर आणि पीठ जमेल इतकेच, म्हणजे दोन-तीन चमचे दूध, असेही प्रमाण मी नेहमी वापरते. ही बिस्किटे थोडी कडक आणि कुरकुरीत होतात. येथे बेकिंग पावडरच्या जागी तितकाच खाण्याचा सोडा घालू नये. सोडा तीन-चार पट तीव्र असतो आणि त्याला आंबट पदार्थाची जोड मिळाली नाही तर बिस्किटांना साबणासारखी कडवट चव येते. बेकिंग पावडर जुनी असेल तर ती टाकून देण्यापूर्वी चमचाभर गरम पाण्यात घालून पाहावी, भरभरून फेस आला तर ती अजून चांगली आहे.

उत्तर १ देणाऱ्यांचा प्रतिसाद

तेलाची सूचना मला पूर्ण मान्य आहे आणि ती मी लिहायला हवी होती. दूध घातलेले प्रमाण मात्र दुसऱ्या टप्प्यावर ठेवावे असे मला अजूनही वाटते, कारण लोणी कमी आणि ओलावा जास्त असलेले पीठ थोडे जरी अधिक मळले गेले तरी वातड होते, आणि प्रश्नकर्तीचा हात सध्या तिंबण्याकडे वळतो आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा दोघांचे मनापासून आभार. अर्धे लोणी आणि अर्धे तेल घेऊन 1-2-3 प्रमाणात पीठ केले, दूध घातले नाही आणि आधी एकच बिस्किट भाजले. ते किंचित पसरले, म्हणून उरलेले पीठ आणखी अर्धा तास गार केले, आणि त्यानंतरची बिस्किटे खरोखर खुसखुशीत झाली. वरच्या बाजूला हलकासा दाब दिला की ती स्वच्छ दोन तुकड्यांत मोडत होती. तो आवाज ऐकून झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. दोन अडचणी मात्र राहिल्या आहेत. बिस्किटांचा तळ तपकिरी होऊन थोडा करपला, तेव्हा वरची बाजू अजून पांढरीच होती. आणि डब्यात भरून ठेवलेली बिस्किटे दुसऱ्या दिवशी सादळली. डबा घट्ट झाकणाचाच होता.

उत्तर ३

तळ करपण्याचे कारण बहुधा तो पातळ ट्रे आणि त्याची जागा हे आहे. लहान ओव्हनमध्ये खालची तार ट्रेच्या फार जवळ असते आणि पातळ धातू ती उष्णता थेट बिस्किटाच्या तळाला देतो. ट्रे मधल्या किंवा त्याच्या वरच्या खाचेत सरकवावा, आणि त्या मापाचे दुसरे कोणतेही धातूचे ताट असेल तर ते ट्रेखाली ठेवावे, म्हणजे मध्ये हवेचा थर राहून तळ जपला जातो. ट्रे एकच असल्याने आणखी एक गोष्ट सांभाळावी लागेल: पहिला घाणा काढल्यावर ट्रे पूर्ण निवू द्यावा, कारण गरम ट्रेवर ठेवलेले पीठ ओव्हनमध्ये जाण्यापूर्वीच पाघळते.

सादळण्याबद्दल विचारायचे तर, बिस्किटे डब्यात भरताना थोडी कोमट होती का? ती वरून निवलेली वाटली तरी आतून वाफ सोडत असतात आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ती वाफ कोंडून पुन्हा बिस्किटांतच मुरते. जाळीवर निदान एक तास ठेवून मगच ती भरावीत. पाव हवेत राहिला की कडक होतो आणि बिस्किट मात्र हवेतला ओलावा ओढून मऊ पडते, म्हणून दोन्ही एका डब्यात कधीही ठेवू नयेत. सध्याची बिस्किटे फेकू नका. 150 अंशांवर पाच मिनिटे ठेवून पूर्ण निववली की ती पुन्हा खुसखुशीत होतील. ‘बिस्किट’ या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थच ‘दोनदा भाजलेले’ असा आहे, तेव्हा दुसऱ्या भाजणीत कमीपणा मुळीच नाही.

विजेचा खर्च वाचवायचा असेल तर दुप्पट पीठ करून त्याचा अर्धा भाग हाताच्या मनगटाएवढ्या जाडीच्या लांब वळकटीसारखा वळावा आणि कागदात घट्ट गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवावा. दोन महिने तो उत्तम राहतो. ओव्हन दुसऱ्या कशासाठी तापवलेला असेल त्या दिवशी वळकटी बाहेर काढून दहा मिनिटे ठेवावी, धारदार सुरीने चकत्या कापाव्यात आणि एक-दोन मिनिटे जास्त भाजाव्यात. चकती कापताना कडा तुटू लागल्या तर पीठ अजून फार गार आहे असे समजून आणखी पाच मिनिटे थांबावे.