मदत हवी आहे: सोलापुरात दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कुठे भरते?

कडक_भाकरी (दुपारी १२:१०)
सोलापुरात एएची (अल्कोहोलिक्स अनॉनिमसची) मीटिंग कुठे आणि किती वाजता असते? आज किंवा उद्याचीच हवी. शोधलं की सगळं पुण्या-मुंबईचं येतंय. आम्ही अशोक चौकाजवळ राहतो. दारूचे तोटे कृपया सांगू नका, ते घरात रोज बघतोय. फक्त पत्ता द्या.

शेंगाचटणी
ताई, मिस्टरांना सरळ मुक्तांगणला न्या. अवचट दांपत्यानं १९८६ साली पुण्यात सुरू केलेलं आहे. माझा मामेभाऊ तिथूनच सुधारला, अकरा वर्षं झाली.

कडक_भाकरी
मिस्टर नाहीत, माझा मोठा भाऊ. यंत्रमागावर आहे, पुण्याला महिनाभर कोण सोडणार? काल तो स्वतः म्हणाला, "मला त्या मीटिंगला घेऊन चल." सोळा वर्षांत पहिल्यांदा म्हणाला. उद्या म्हणेल की नाही माहीत नाही. म्हणून घाई आहे.

माळकरी
पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे, माऊली. विठ्ठलासमोर तुळशीची माळ घालू द्या. माझ्या वडिलांनी माळ घातली आणि मरेपर्यंत शिवले नाहीत.

गड्डा_यात्रा
माळ घालून आठ दिवसांत काढणारे आमच्या गल्लीत चार आहेत. त्यापेक्षा दारू सोडायची गोळी मिळते, ती भाजीत घाला. त्याला कळतसुद्धा नाही.

माळकरी
काढणाऱ्यांचं सांगू नका, पाळणारे बघा की.

रात्रपाळी
नकळत गोळी अजिबात देऊ नका! ती डायसल्फिरम असते. वर दारू पोटात गेली की तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, बीपी एकदम खाली जातं, माणूस दगावूही शकतो. डॉक्टरांनी सांगून, त्याच्या संमतीनंच ती द्यायची असते. मी वॉर्डात नर्स आहे, हे डोळ्यांनी बघितलंय.
ताई, भाऊ रोज किती प्यायचे आणि शेवटची कधी घेतली?

कडक_भाकरी
रोज तीन क्वार्टर, कधी जास्त. परवा रात्री शेवटची. तेव्हापासून थेंब नाही. म्हणून तर मीटिंग विचारतेय. पत्ता कोणी देईल का?

बाळीवेस
मुळात हातभट्ट्या बंद झाल्या पाहिजेत. मुळेगाव तांड्यावर ग्रामीण पोलिसांनी २०२१ साली 'ऑपरेशन परिवर्तन' केलं, तसं शहरात का नाही?

गड्डा_यात्रा
तिथले लोक काय हौसेनं गाळायचे का? दुसरा धंदा दिला म्हणून फरक पडला. नुसत्या धाडींनी नाही.

रात्रपाळी
त्यासाठी वेगळा धागा काढा.
ताई, हात थरथरतात का? झोप लागली का? काही भलतंच दिसतंय, ऐकू येतंय का?

कडक_भाकरी
दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. चहाचा पेला धरता येईना, वहिनीनं पाजला. सकाळपासून चादरीवरचे दोरे वेचतोय. चादर कोरी आहे, दोरे नाहीतच. आणि सारखं "माग बंद कर" म्हणतोय. घरात माग नाही आमच्या.

रात्रपाळी
मीटिंग राहू द्या, आत्ता सिव्हिलला न्या. रिक्षा नाही मिळाली तर १०८ लावा. रोज इतकी पिणाऱ्यानं एकदम बंद केली की दोन-तीन दिवसांत मेंदू असा खवळतो, झटकेही येतात. यात जीव जातो. एकटं सोडू नका.

शेंगाचटणी
सिव्हिलला रांग असते. जवळच्या डॉक्टरकडे ग्लुकोजची बाटली लावून घ्या, तासाभरात शांत होईल.

रात्रपाळी
नुसतं ग्लुकोज नको! आधी बी-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं. दारूनं ते अंगात उरलेलं नसतं, आणि नुसत्या ग्लुकोजनं मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दारात जाताच सांगा: रोज तीन क्वार्टर, परवा रात्रीपासून बंद. लाजू नका, हेच आधी सांगायचं.

कडक_भाकरी
निघालो.

कडक_भाकरी (सहा दिवसांनी)
डिस्चार्ज मिळाला. पोचलो त्या रात्री त्याला झटका आला, पण वॉर्डात होता. रात्रपाळी ताई, तुमचे उपकार कसे फेडू. आता चहाचा पेला स्वतः धरतो. काल परत विचारलं त्यानं, मीटिंगचं काय झालं म्हणून. माझा प्रश्न तोच आहे.

फक्त_आज
उशिरा वाचलं. मी सोलापुरातलाच, नऊ वर्षं सोबर. व्यनित (खाजगी निरोपात) जागा आणि वेळ पाठवलीय. इथे लिहीत नाही, कारण आमची स्वतःची इमारत नसते. जिथे खोली मिळेल तिथे बसतो, जागा बदलते. फी नाही, शेवटी डबा फिरतो, टाकले तर टाकले. कोणी उपदेश करत नाही, प्रत्येक जण आपापलं बोलतो. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणारे एकमेकांशी बोलत बसले, त्यातून हे सुरू झालं. आजही तेच चालतं. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र बंद करू नका, एए औषधाच्या जागी नाही.
आणि वहिनींना विसरू नका. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं. तिथे जाऊन माझी बायको सोळा-सतरा वर्षांनी पहिल्यांदा मोकळेपणानं रडली.

कडक_भाकरी
व्यनि मिळाला. तो विचारतोय, तिथे पूर्ण नाव सांगावं लागतं का? मागाच्या शेठला कळलं तर काम जाईल.

फक्त_आज
पहिलं नाव पुरे. तेही पहिल्या दिवशी नाही सांगितलं तरी चालतं, नुसतं बसायचं. गुरुवारी सव्वासहाला सात रस्त्यावर उभा राहतो, तिथून बरोबर जाऊ.