अनुभव धागा : फ्रीस्टाइल पोहताना श्वासाची लय कशी सापडली?

सांगली-मिरजेकडची आपल्यापैकी अनेक माणसे कृष्णेत पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून पोहायला शिकली, पण ते पोहणे डोके पाण्याबाहेर ठेवून. पुढे तलावात फ्रीस्टाइल, म्हणजे तोंड पाण्यात ठेवून आळीपाळीने एकेक हात मारत पोहणे, सुरू केल्यावर हातापायांत बळ असूनही २५ मीटरमध्ये धाप का लागते आणि ती कशी गेली, हे सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

मला श्वास कमी पडतो असे वाटे. प्रत्यक्षात आत घेतलेली हवा मी पाण्याखाली कोंडून ठेवत होते आणि तोंड बाहेर येताच ती सोडणे व नवी घेणे, दोन्ही त्या निमिषभरात उरकू पाहत होते. ती घुसमट मुख्यतः साचलेल्या कार्बन डायऑक्साइडची असते, हे कळल्यावर मी पंधरा दिवस कठडा धरून एवढेच केले : तोंड पाण्यात, नाकातून बुडबुड्यांची अखंड धार आणि मान वळता वळता शेवटचा जोराचा फुत्कार. तसे केले की हवा ओढावी लागत नाही, आपसूक आत येते.

सांगली, माईघाटावर शिकलेला, वय ५८
नदीच्या सवयीने मी श्वासासाठी मान उचलत असे. डोके वर गेले की कंबर आणि पाय खाली जातात, मग सारा जोर ते वर आणण्यातच जातो. आता खांद्याबरोबर अंग वळते, चष्म्याची एक काच पाण्यातच राहते, आणि पुढे सरकताना डोक्याशेजारी पाण्याला जो खोलगटपणा येतो, त्यात अर्धे तोंड उघडले तरी पुरते.

मिरज, शिक्षिका
दर तीन हातांनी, म्हणजे आलटून पालटून दोन्ही बाजूंना श्वास घेऊ लागल्यावर माझी मान अवघडणे थांबले. तरी ४०० मीटरनंतर दम पुरेना, तेव्हा मी दर दोन हातांवर आले. १५०० मीटरचे जागतिक दर्जाचे जलतरणपटूही बहुतेक अंतर असेच कापतात, त्यामुळे तीनचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हरिपूर
वाऱ्याने लाटा एकाच बाजूने तोंडावर येतात, तेव्हा दुसऱ्या बाजूने श्वास घेता येणे फार मोलाचे ठरते. माझी डावी बाजू कच्ची होती. महिनाभर जाताना उजवीकडे आणि परतताना डावीकडे श्वास घेतला, मनात ‘सोड, घे’ म्हणत, तेव्हा ती बसली.