मदत हवी आहे: फवारणीशिवाय निरोगी राहणारा, पुन्हा पुन्हा फुलणारा वेली गुलाब
पूर्वेकडच्या भिंतीवर 8 फुटी जाळी आहे, ऊन सकाळचे 5 तास. सध्याच्या वेलीला वर्षातून एकच बहर येतो. हवा दमट झाली की पानांवर झालरीच्या कडेचे काळे ठिपके येतात, भोवतीचं पान पिवळं पडून गळतं आणि खाली नुसत्या काड्या उरतात. गळलेली पानं उचलते, पाणी मुळाशीच देते, फांद्या आडव्या बांधल्या आहेत. मधमाश्या येतात, म्हणून फवारणी अजिबात नको.

'न्यू डॉन' ही वेली गुलाबाची जात काटक आहे, पण या जाळीला फारच मोठी होते. 'झेफिरिन द्रुआं' बिनकाट्यांची, सुगंधी, मनापासून आवडते. पण तिलाही काळे ठिपके लवकर धरतात. रंग कुठलाही चालेल, सुगंध असला तर उत्तमच.

एवढ्या उन्हात, 8-10 फुटांत राहून पहिल्या बहरानंतरही खरोखर फुलणारी आणि पानं टिकवणारी कोणती जात तुमच्याकडे आहे?